ब्राउकचे पाणी

साहित्यकृती ज्या भूमीत घडते ती भूमी पाहिल्याने कृतीचे आकलन वाढते, या समजुतीवर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. कलाकृतीचे जग शब्दांचे असते. त्या शब्दांबाहेर तिला गाव नसते, नदी नसते, असे मी वर्गात पुष्कळदा सांगितले आहे, आणि आजही ते सर्वस्वी चूक आहे असे मला वाटत नाही. त्यामुळे गेल्या जून महिन्यात आइसलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोर्गार्नेस या छोट्या गावी मी दोन दिवस पायी हिंडलो, ते काही तीर्थयात्रेच्या भावनेने नव्हे. 'एगिलची सागा' या ग्रंथाबद्दल माझी एक जुनी तक्रार होती. ती घेऊन मी गेलो; परतताना ती जशीच्या तशी माझ्यापाशी उरली नव्हती. तिच्या जागी काय आले ते सांगावे, म्हणून हा लेख.

सागा म्हणजे गद्य आख्यान. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेहून माणसे या निर्मनुष्य बेटावर येऊन राहिली. त्यांची, त्यांच्या मुलानातवंडांची भांडणे, लग्ने, खून आणि खटले यांच्या कथा पुढे तेराव्या शतकात लोकभाषेत लिहिल्या गेल्या. एगिलची सागा त्यांपैकीच एक. तिच्या सर्वांत जुन्या हस्तलिखिताचे जे तुकडे उरले आहेत ते १२५०च्या सुमाराचे. लेखकाने आपले नाव दिलेले नाही. मात्र स्नोर्री स्तुर्लुसन (११७९–१२४१) या इतिहासकार-कवीकडे पुष्कळ अभ्यासक बोट दाखवतात. त्याच शतकात आपल्याकडे म्हाइंभट 'लीळाचरित्र' सिद्ध करीत होते. जे घडले आणि जे बोलले गेले तेवढेच सांगायचे, मध्ये आपण उभे राहायचे नाही, हा संयम मराठी वाचकाला त्यामुळे अगदीच परका वाटू नये.

सागाचा नायक दहाव्या शतकातला. तिसऱ्या वर्षी कविता करणारा आणि सातव्या वर्षी खेळातल्या भांडणावरून एका मुलाला कुऱ्हाडीने मारणारा एगिल हा कुरूप, लोभी, हट्टी आणि असामान्य कवी आहे. त्याचा बाप स्काल्लाग्रीम. नॉर्वेच्या राजाशी वैर पत्करून तो इकडे आला आणि बोर्ग येथे घर बांधून राहिला. या बाप-लेकांच्या कथेत ब्राउक नावाची एक दासी येते आणि लगेच जाते. माझी तक्रार तिच्यावरून होती.

पुस्तकात मी तिचे नाव 'ब्राक' असे वाचीत आलो होतो. मी ही सागा इंग्रजी भाषांतरातून वाचली; मूळ भाषा मला अक्षर लावून लावून वाचता येते, एवढेच. गावात गेल्यावर कळले की तोंडी तो उच्चार 'ब्राउक' असा होतो. पहिली चूक अशी पहिल्याच दिवशी दुरुस्त झाली.

रेक्याविकहून बस निघते ती थोड्या वेळाने एका फ्योर्दच्या तळाखालून, १९९८ साली खुल्या झालेल्या बोगद्यातून जाते. मग हाफ्नारफ्यात्ल हा उघडाबोडका डोंगर उजवीकडे येतो आणि त्याच्या पायथ्याशी वारा बसला अक्षरशः ढकलू लागतो. पुढे सुमारे अर्ध्या किलोमीटरचा पूल आणि पुलापलीकडे समुद्रात घुसलेल्या खडकाळ जिभेसारखे एक भूशिर. त्यावर बोर्गार्नेस वसलेले आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. सागामध्ये या भूशिराचे नाव डिग्रानेस आहे आणि तिथे गाव नाही. गाव अलीकडचे, १८६७ साली इथे व्यापाराची परवानगी मिळाली, त्यानंतरचे. म्हणजे ज्या जागी कथा घडली त्या जागी नऊशे वर्षांनी माणसे राहायला आली आणि कथा त्यांच्या अंगणात आधीच पडलेली होती.

प्रसंग असा आहे. एगिल बारा वर्षांचा असताना सांद्विक नावाच्या जागी चेंडूचा खेळ चालला होता. एका बाजूला एगिल आणि त्याचा तरुण मित्र थोर्द. दुसऱ्या बाजूला स्वतः स्काल्लाग्रीम. दिवसभर मुलांची सरशी झाली. सूर्य मावळल्यावर स्काल्लाग्रीमच्या अंगात काही वेगळेच बळ संचारले. त्याने थोर्दला उचलून असे आपटले की तो जागीच मेला. मग त्याने आपल्या मुलाला धरले. तेव्हा ब्राउक पुढे झाली. एगिलला लहानपणी तिनेच वाढवले होते. ती पुरुषासारखी धिप्पाड होती आणि जादूटोण्यात जाणकार होती, असे लेखक सांगतो. तू आता आपल्या पोटच्या पोरावर उठलास, अशा अर्थाचे एकच वाक्य ती धन्याला बोलली. स्काल्लाग्रीमने मुलाला सोडले आणि तिच्याकडे झेप घेतली. ती धावली. दोघे डिग्रानेसच्या टोकापर्यंत गेली. तिने कड्यावरून पाण्यात उडी घेतली. त्याने मागून एक मोठा धोंडा फेकला, तो तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये लागला, आणि त्यानंतर ती वर आली नाही, धोंडाही आला नाही. त्या पाण्याला आता ब्राउकारसुंद, म्हणजे ब्राउकची सामुद्रधुनी, म्हणतात, असे सांगून लेखक पुढे जातो.

मी या उताऱ्याकडे वर्षानुवर्षे सागाशैलीचा नमुना म्हणून बोट दाखवीत आलो. तटस्थता पाहायची असेल तर इथे पाहा, असे म्हणायचे आणि लगेच जोडायचे, की ही तटस्थता कधीकधी माणुसकीच्या अभावाच्या फार जवळ जाते. धोंडा आणि बाई एकाच क्रियापदाला बांधल्या आहेत. एक दासी मेली आणि तिच्या मोबदल्यात भूगोलात एक नाव जमा झाले. माझी तक्रार थोडक्यात अशी होती.

पहिल्या दिवशी दुपारी मी सांद्विकपासून भूशिराच्या टोकाकडे निघालो. सागातील जागा ओळखता याव्यात म्हणून गावकऱ्यांनी ठिकठिकाणी दगडांचे छोटे मनोरे रचले आहेत. वाट आता घरांमधून जाते. पत्र्याने मढवलेली तांबडी, निळी, पांढरी घरे, खिडकीत कुंड्या, कुंपणाला टेकवलेल्या मुलांच्या सायकली. मधूनमधून खडक डोके वर काढतो आणि रस्ता त्याला वळसा घालतो. एका बाजूला ओहोटीने उघडी पडलेली करडी चिखलवट, दुसऱ्या बाजूला टेकडीवरचे चर्च. मी रमतगमत चाललो, दोनदा थांबलो. वीसएक मिनिटांनी पूल दिसला. तो ओलांडला की ब्राउकारेय हे बेट. पुलाखाली अरुंद, जोरात ओढले जाणारे पाणी होते.

तिथे उभा असताना मला जे जाणवले ते अगदी साधे होते. हे अंतर फार आहे.

पुस्तकात हे धावणे जेमतेम अर्ध्या वाक्यात संपते. डोळा एका स्वल्पविरामावरून दुसऱ्यावर जातो आणि ती दोघे कड्यावर पोचलेली असतात. वाचताना मला नेहमी वाटत आले की हे सगळे एका झटक्यात, रागाच्या एका उमाळ्यात घडले. चालल्यावर कळते की तसे नाही. धावणारा माणूस झाला तरी एवढ्या अंतराला वेळ लागतो. खडकांवरून, संध्याकाळच्या अंधारात, हिवाळ्यात. दम लागण्याइतका वेळ. राग ओसरण्याइतका वेळ. मागे वळावे, जाऊ द्यावे, असे मनात येण्याइतका वेळ. स्काल्लाग्रीमला तो वेळ मिळाला होता आणि त्याने तो वापरला नाही. आणि ब्राउकला? एगिलपासून दूर, उलट दिशेने, जमीन संपेपर्यंत धावत राहण्याइतका वेळ तिला मिळाला. ती नुसती पळत होती, की त्याला मुलापासून लांब नेत होती? लेखक सांगत नाही. पण अंतर खरे आहे, आणि त्याच्या काळच्या वाचकाला ते ठाऊक होते. बोर्गमध्ये राहणाऱ्या, या भूशिरावर मेंढ्या हाकणाऱ्या श्रोत्याला 'डिग्रानेसच्या टोकापर्यंत' हे शब्द पुरेसे होते. त्याच्या पायांना उरलेले वाक्य पाठ होते. मी ज्याला भावनेचा अभाव समजत होतो तो माझ्या माहितीचा अभाव होता.

इथे कुणी म्हणेल, की मग तुमचा सिद्धान्त कोसळला. कृती शब्दांबाहेर गेलीच. मला तसे वाटत नाही. तो कड्यापर्यंतचा वेळ शब्दांतच आहे. एका विशेषनामात तो साठवलेला आहे. मी ते विशेषनाम नुसता शिक्का म्हणून वाचीत होतो.

विशेषनामांचा विचार सुरू झाला, तसे दुसऱ्याही नावाकडे लक्ष गेले. 'ब्राउक' हे मुळात टोपणनाव. कातडे घासून मऊ करण्याचे चांभाराचे एक अवजार असते, त्याचा हा शब्द. दासीला अवजाराचे नाव. पाहायला गेले तर माझ्या तक्रारीला बळकटी देणारीच ही गोष्ट. पण लेखकाने तिची ओळख करून देताना पूर्ण नाव दिले आहे: थोर्गेर्द ब्राउक. ते मी दरवेळी वाचले होते आणि दरवेळी विसरलो होतो.

संध्याकाळी मी गावातल्या सार्वजनिक बागेत गेलो. शेजारच्या पोहण्याच्या तलावावरून वाफ वाहत होती आणि मुलांचा ओरडा येत होता. बागेत झाडांच्या आडोशाला एक बुटका, गवताळ उंचवटा आहे. परंपरा सांगते की हीच स्काल्लाग्रीमची समाधी. सागानुसार एगिलने बापाचे प्रेत घराची भिंत फोडून बाहेर काढले, डिग्रानेसवर आणले आणि घोडा, शस्त्रे व लोहारकामाची हत्यारे यांच्यासह इथे पुरले. ब्राउकची सामुद्रधुनी इथून थोडक्या पावलांवर आहे. मारणारा आणि मारलेली एकाच भूशिरावर आहेत. एकाला माती मिळाली, एकीला पाणी. समाधीपाशी एक उठावशिल्प आहे; डॅनिश शिल्पकर्ती आन मारी कार्ल-नीलसेन हिने घडवलेले. त्यात घोड्यावर बसलेला म्हातारा एगिल मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन येत आहे.

तो मुलगा बोद्वार. एगिलचा सर्वांत लाडका. नदीमुखाशी आलेल्या जहाजावरून लाकूड आणायला गेला आणि वादळात नाव उलटून याच फ्योर्दमध्ये बुडाला. एगिलने प्रेत शोधून आणले, बापाची समाधी उघडली आणि नातवाला आजोबांशेजारी ठेवले. मग तो घरी गेला आणि झोपण्याच्या खोलीची कडी लावून, अन्नपाणी सोडून पडला.

पुढचा भाग वाचायला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्गला पायी निघालो. गावाच्या उत्तरेला तासाभराच्या आत पोचवणारा रस्ता आहे. एक छोटे चर्च, एक घर, मागे तो खडक, आणि आस्मुंदुर स्वेइन्सन (१८९३–१९८२) यांचे 'सोनातोर्रेक' नावाचे शिल्प. सोनातोर्रेक हे एगिलने बोद्वारसाठी रचलेल्या विलापाचे नाव. 'मुलांचा बिकट शोक' असा त्याचा अर्थ करता येईल. पंचवीस कडव्यांचा हा विलाप जुन्या नॉर्स काव्यातील शिखर मानला जातो.

तो रचला कसा गेला, हे सागाने सांगितले आहे. कुणालाच दार उघडवेना, तेव्हा एगिलच्या बायकोने सासरी असलेल्या मुलीला निरोप पाठवला. मुलगी रातोरात आली. मीही तुमच्याबरोबर मरणार, असे म्हणून तिने दार उघडायला लावले. आत जाऊन ती काही चघळू लागली. बापाने विचारले, तेव्हा म्हणाली, समुद्रातली शेवाळी. हिने लवकर मरण येईल. त्यानेही चघळली. खारटपणाने तहान लागली. तिने पाणी मागवले, शिंग आले, एगिलने घटाघटा प्यायले, आणि मग ती म्हणाली की आपण फसलो, हे तर दूध आहे. उपवास मोडला होता. तेव्हा तिने सुचवले, की आणखी थोडे जगू या. तुम्ही बोद्वारवर कविता करा, मी ती काठीवर कोरते. नंतर हवे तर मरू. एगिल रचू लागला आणि रचता रचता सावरला. कविता पुरी झाली तेव्हा तो उठून आपल्या आसनावर जाऊन बसला.

या मुलीचे नाव थोर्गेर्द.

बोर्गच्या चर्चच्या पायरीवर, पुस्तकात बोट घालून, मी बराच वेळ बसून राहिलो. बारा वर्षांच्या एगिलला मरणाच्या हातून सोडवणारी थोर्गेर्द, आणि म्हाताऱ्या एगिलला मरणाच्या हातून सोडवणारी थोर्गेर्द. एकीने त्याला वाढवले; दुसरीने त्याला दूध पाजले. एकीला समुद्राने घेतले. दुसरीने समुद्रातलीच वनस्पती युक्तीला वापरली. दोघींमध्ये जवळजवळ चाळीस प्रकरणे आहेत, आणि लेखकाने एका शब्दानेही एकीला दुसरीची आठवण करून दिलेली नाही.

हा योगायोग असू शकेल, हे मी मान्य करतो. मुलगी थोर्गेर्द इतर सागांमध्येही येते. तिचे नाव या लेखकाने शोधून काढलेले नाही, आणि थोर्गेर्द हे तेव्हा सर्रास असणारे नाव होते. एगिलने मुलीला दाईचे नाव ठेवले, असा अर्थ काढण्याचा अधिकार मला सागा देत नाही. मी एवढेच म्हणतो, की दासीला नुसते 'ब्राउक' म्हणून भागले असते, तरी लेखकाने तिचे पूर्ण नाव लिहिले. ते नाव त्याने लिहिले, म्हणून दोन प्रसंग एकमेकांकडे पाहतात.

तसे पाहू लागले की ब्राउकच्या मृत्यूनंतरची चार वाक्येही वेगळी दिसतात. त्या रात्री एगिल जेवणाच्या दालनात आला, बापाचा आवडता आणि विश्वासू कारभारी जिथे होता तिथे गेला, एका घावात त्याला ठार केले आणि आपल्या जागी जाऊन बसला. स्काल्लाग्रीम काहीच बोलला नाही. तो सबंध हिवाळा बाप-लेक एकमेकांशी बरे किंवा वाईट एक अक्षर बोलले नाहीत. एरवी तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक प्रसंगी कविता म्हणणारा हा मुलगा इथे कविता म्हणत नाही. बापाला मारता येत नाही, म्हणून बापाचे जे आवडते ते तो मारतो. आणि म्हातारपणी सोनातोर्रेकमध्ये त्याची मुख्य वेदना काय आहे? अपराधी समुद्र आहे आणि समुद्रावर सूड उगवता येत नाही. ज्याच्यावर सूड उगवता येत नाही अशा शत्रूशी त्याची पहिली गाठ बाराव्या वर्षी पडली होती. तेव्हा त्याच्यापाशी फक्त कुऱ्हाड होती. मधल्या आयुष्यात त्याने ती पुष्कळ वापरली. शब्द हाती आले ते शेवटी, आणि तेही एका थोर्गेर्दने दार उघडायला लावले तेव्हा.

परंतु या जुळणीने हुरळून जाऊन मूळ हिशेब विसरणे बरे नव्हे. सोनातोर्रेकमध्ये एगिलने बापाचा मृत्यू आठवला आहे, आईचा आठवला आहे, रणात पडलेल्या भावाचा आठवला आहे, मुलांचा तर आहेच. ब्राउक त्यात नाही. जिने आपला जीव देऊन त्याचा वाचवला, तिला या थोर कवितेत एक शब्दही मिळालेला नाही. माझी तक्रार इथे दाखल व्हायला हवी होती, आणि मी ती इतकी वर्षे चुकीच्या दारी घेऊन बसलो होतो. कवीने तिला वगळले. गद्यकाराने तिला ठेवले. काव्यात वंश मावतो, दासी मावत नाही. त्या कोरड्या, हिशेबी, अलंकार नसलेल्या गद्यात मात्र तिचे पूर्ण नाव, तिचा एक बोल, तिच्या पाठीतला धोंडा आणि तिचे पाणी हे सगळे मावले. ज्या तटस्थतेला मी निर्दय म्हणत होतो, तिने राजे आणि दासी यांच्या मृत्यूंसाठी एकच वाक्यरचना वापरली. त्या काळी यापेक्षा मोठा न्याय कोणत्या वाङ्मयप्रकाराने केला असता, हे मला सांगता येत नाही.

पुरता न्याय मात्र सागानेही केलेला नाही. तिचा शोध कुणी घेतला का, ती किनाऱ्याला लागली का, हे लिहिलेले नाही. ते काम गावाने आपल्या परीने केले आहे, आणि गावाची स्मृती साहित्याइतकीच विचित्र असते. १९१६ साली स्थापन झालेल्या इथल्या क्रीडासंघाचे नाव स्काल्लाग्रीम आहे. चेंडूच्या खेळात पोराला आपटून मारणाऱ्याचे! वृद्धाश्रमाला मात्र ब्राउकचे नाव दिले आहे. उन्हाळ्यात तिच्या नावाची जत्रा भरते. २००६ साली गावातल्या जुन्या घरांत उघडलेल्या संग्रहालयात दोन वर्षांनी 'ब्राउक' नावाचे नाटकही झाले. ब्रिन्हिल्दुर ग्वुदयोन्सदोत्तिर या अभिनेत्रीने ते लिहिले आणि एकटीने केले. आठशे वर्षांनी त्या अर्ध्या वाक्याला कुणीतरी पूर्ण प्रयोगभर बोलते केले.

परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून पुन्हा एकदा त्या पुलावर गेलो. रात्रीचे दहा वाजले होते आणि उजेड दुपारसारखा होता. भरती लागली होती. आदल्या दिवशी ओढीने बाहेर जाणारे पाणी आता उलट, आत येत होते. एक म्हातारा कठड्याशी गळ टाकून बसला होता. त्याने मान हलवली, मीही हलवली. येत्या वर्षी हा उतारा पुन्हा शिकवायचा आहे. तेव्हा 'डिग्रानेसच्या टोकापर्यंत' या शब्दांपाशी मी थांबेन आणि विद्यार्थ्यांना आधी अंतर सांगेन.